ओटीतलं सीताफळ

व्हिनेगरची वाटी ठेवली, सिंक घासलं, केळी फ्रीजमध्ये टाकली, तरी ओट्यावरची चिलटं हटेनात. सासूबाई वैतागल्या होत्या. ती कुठून येतात, ते मला एकटीला ठाऊक होतं.

डोहाळजेवणात धाकट्या जावेची ओटी पाच फळांनी भरली. तिच्या लग्नाला एक वर्ष झालंय, माझ्या लग्नाला नऊ. ओटीतलं फळ खाल्लं की कूस उजवते म्हणतात, पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही. जळफळत मीच एक सीताफळ उचललं आणि तांदळाच्या डब्यामागे लपवलं. खायला गेले, तर तिच्या सुखाचा घास घशाखाली उतरेना.

आज डबा सरकवताना ते तिलाच सापडलं, काळं पडलेलं. मी मान खाली घातली.

"चारच फळं उरली तेव्हाच ओळखलं होतं, ताई," ती म्हणाली. "मग खाल्लंत का नाही?"