वरच्या खोलीतला रेडिएटर

चेटने तिसऱ्यांदा रेडिएटरवर तळहात ठेवला. गरम पाण्याने खोली तापवणारं बिडाचं ते धूड थंडगार होतं.

"राहू दे रे," ल्युडविका मावशी म्हणाली. अंगात कोट, त्यावर शाल, डोक्याला रुमाल. "अकरा हिवाळे काढले, बारावाही काढीन. मला सवय आहे."

"मला नाही ना," चेट म्हणाला. "खालच्या सहाही रेडिएटरना हात लावला तर चटका बसतो. आणि वर हा असा. दुसरं टोक उघडून बघतो."

"आज नको. गालिचा भिजेल."

मागच्या खेपेला तिथे कपडे वाळत घातले होते. त्याच्या आधी तिचं डोकं दुखत होतं. चेट हत्यारं आवरून खाली आला.

मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या पोलिश वस्तीत तो सव्वीस वर्षं बॉयलर-रेडिएटर दुरुस्तीचं हेच काम करत होता. या घरात खाली ब्रोनिया राहायची आणि वर, छपराखालच्या एकुलत्या एक लांबलचक खोलीत, ल्युडविका. दोघी सख्ख्या जावा, दोघी विधवा, दोघींनी पंचाहत्तरी ओलांडलेली. तळघरातल्या जुन्या बॉयलरला पंप नव्हता. तापलेलं पाणी आपल्या पायाने वर चढायचं आणि गार झालं की खाली उतरायचं. सप्टेंबरात त्याला तडा गेला. चेटने तो घणाने फोडून तुकड्यातुकड्याने बाहेर काढला, भिंतीवर सुटकेसएवढा नवा टांगला आणि त्याला पंप जोडला.

अशा घरांची एक खोड त्याला ठाऊक होती. गरम पाणी वर धावतं, म्हणून पूर्वीचे कारागीर वरच्या रेडिएटरच्या तोंडात लहान भोकाची लोखंडी तबकडी बसवायचे. नाहीतर वरची माणसं उकडून निघायची आणि खालची कुडकुडायची. पंप आला की तीच तबकडी आडवी येते. नवशिके ती काढायला विसरतात आणि शिव्या खातात. चेट विसरला नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने ती काढून खिशात टाकली होती. तरी खोली थंडच.

वस्तीला मात्र याचं कारण केव्हापासून माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी ब्रोनियाचा नवरा गेला, तेव्हा दफनानंतरच्या जेवणात दोघी जावांची जुंपली. "डॉक्टरला वेळेत बोलावलं असतंस तर माझा दीर आज जिवंत असता," असं ल्युडविका भर पंगतीत बोलली. ब्रोनियाने तिला तिथून घालवलं. मग चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत, ल्युडविकाने शपथ घेतली की या बाईच्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही.

शपथ पहिल्या बर्फापर्यंत टिकली. खोली इतकी गारठली की ल्युडविका संध्याकाळी पाच वाजता विणकाम घेऊन खाली आली. "थंडी आहे म्हणून आले," म्हणाली आणि स्वयंपाकघरातल्या रेडिएटरला टेकून दहापर्यंत बसली. तेव्हापासून दर हिवाळ्यात रोज पाच ते दहा. ब्रोनिया कुरकुरत तिच्यापुढे कोबीचं सूप आदळायची. उन्हाळ्यात मात्र दोघी समोरासमोर आल्या तरी तोंड फिरवायच्या.

ब्रोनिया जावेवर सूड उगवते आहे, असं वस्तीत सगळेच म्हणायचे. चेटला ते अर्धंमुर्धं पटायचं.

"काकू," तो आता ब्रोनियाला म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत वरची खोली तापली नाही, तर मावशीला मी माझ्या घरी नेणार. खोली रिकामीच आहे. या वयात माणसाने असं राहू नये."

ब्रोनिया बटाटे सोलत होती. तिची सुरी थांबली. "ती म्हणाली का तसं?"

"तिला काय विचारायचं? पाय बर्फासारखे झालेत तिचे."

"वरच्या खोलीचं फार मनावर घेऊ नकोस," ब्रोनिया म्हणाली. "माझ्याकडे तापतंय ना, झालं."

चेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गुरुवारी दुपारी तीन वाजता ल्युडविका चर्चमध्ये रोझरीच्या जपाला गेली, तेव्हा तो मागच्या जिन्याने वर चढला. वरचं दार कधीच बंद नसायचं. त्याने पाणी सोडून दिलं, गालिचा गुंडाळला आणि रेडिएटरचं दुसरं टोक, जिथून गार पाणी परत खाली जातं ते, उघडलं. या बाजूला कुठलाच कारागीर काही बसवत नाही. पण आत एक तबकडी होती. पत्र्याची, कात्रीने वेडीवाकडी कापलेली, मधोमध खिळ्याने पाडलेलं एक भोक. गंजाखाली कॉफीच्या डब्याचा लाल रंग अजून दिसत होता. तसले डबे ब्रोनियाच्या फडताळात ओळीने मांडलेले असायचे.

तो खाली आला आणि त्याने तबकडी तिच्यासमोर टेबलावर टाकली.

"हा डबा तुमचाच ना, काकू?"

ब्रोनियाने ती एप्रनला पुसली आणि उजेडात धरली. "माझाच."

"अकरा वर्षं एका म्हातारीला गारठवलंत. मी आजच तिला घेऊन जातोय. ती आल्या आल्या सामान बांधतो तिचं."

ब्रोनियाने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार वाजले होते. तिने तबकडी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटली.

"डबा तिने माझ्याकडून मागून नेला, बटणं ठेवायला म्हणून," ती म्हणाली. "पानाही माझ्याच नवऱ्याचा नेला, अक्रोड फोडायचेत म्हणून. त्याला पुरून सहा आठवडे झाले होते. त्या दुपारी या छतातून तीन बादल्या पाणी गळलं. मला कळलंय हे तिला कळू नये म्हणून मी रेडिओ मोठ्याने लावून बादल्या बदलत बसले. जा, ती पाचला येते, त्याच्या आत परत बसव."