पडवीतलं झाड

एमएच्या परीक्षेचा अभ्यास करायला म्हणून रुपाली आळेफाट्याहून राजुरीला माहेरी आली आणि पडवीच्या फरशीवर खडूनं झाडं काढत बसली. वर एक खूण, तिच्याखाली दोन फांद्या, प्रत्येक फांदीला पुन्हा दोन. तिचा थोरला भाऊ दादाभाऊ, त्यानं असलं चित्र आजवर एकाच ठिकाणी पाहिलं होतं, तलाठ्याकडं, वंशावळीच्या कागदावर. त्यात अक्षरं इंग्रजी, म्हणजे पोरीनं वकीलच गाठला.

वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि हक्कसोडीवर तिची सही अजून बाकी होती. तो उगाच विहिरीवर जाऊन मोटार बघून आला. ताटातली भाकरी तशीच राहिली. शेवटी तो तिच्यापुढं उकिडवा बसला.

"रुपे, निम्मं रान तुझंच हाय, मी कुठं न्हाई म्हणतोय? पर वकिलाबिकिलाच्या नादी नको लागू. घरातलं घरात मिटवू."

"अरं दादा, हे परीक्षेत येतंय. इंग्रजी वाक्याची फोड करायची, कुठला शब्द कुणाखाली येतो ते असं झाड काढून दाखवायचं."

दादाभाऊचा जीव भांड्यात पडला. हसत हसत त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि उठता उठता म्हणाला, "मंग सोमवारी हक्कसोडीवर सही तेवढी करूनच जा."



रुपालीनं ओल्या फडक्यानं फरशी पुसली, वर मधोमध वडिलांचं नाव लिहिलं आणि खाली एकसारख्या दोन फांद्या काढल्या.