पाचवं मिनिट

अंबाजीचा खोंड जुवाखाली मान घालायला तयार नव्हता, आणि हौशीरामच्या मनगटावरचा काटा शून्याकडे पळत होता.

बैलगाड्यांच्या शर्यतीत या गावचा नियम साधा. नाव पुकारलं की पाच मिनिटांत गाडा जुंपायचा, नाही तर बाद. वेळ पंचाची, म्हणजे हौशीरामच्या घड्याळाची. घड्याळ परदेशी, भारी, होड्यांच्या शर्यतीसाठी केलेलं. काचेभोवतीचं कडं पाव फेरा फिरवलं की आतलं यंत्र मोकळं व्हायचं. हवी तेवढी मिनिटं लावायची, कडं परत फिरवलं की झालं कुलूपबंद. सगळ्या नवलाख उंबरे गावात ही करामत त्याला एकट्यालाच यायची, आणि ती मिरवायची खोडही होती.

आज त्याने मिरवली नाही. धाकट्या भावाचं, अंबाजीचं, नाव पुकारण्याआधी गुपचूप कडं फिरवून चारच मिनिटं लावली. कारखान्याला दोघांची जमीन देताना त्याने अंबाजीला न विचारता सही केली होती. हे घड्याळ त्याच पैशाचं. तेव्हापासून अकरा वर्षं अंबाजी त्याच्याशी बोलला नव्हता. अनिताच्या, सख्ख्या पुतणीच्या लग्नालासुद्धा पायरी चढला नाही. ते हौशीरामच्या जिव्हारी लागलं होतं. आज साऱ्या गावासमोर उट्टं निघणार होतं.

पण जीव थाऱ्यावर नव्हता. बोटं सारखी कड्याकडे जात होती. काही उपयोग नव्हता. काटा एकदा सुटला की मिनिटं वाढवता येत नसत. खोंडाने पुन्हा जू झटकलं.

"आबा, बाद पुकारू का?" माइकवरच्या पप्पूने हौशीरामला विचारलं.

अंबाजीने वेसण न सोडता मान वळवली. "दादाला घाई करू नगं. त्याच्या घड्याळात खोट न्हाई. त्यो येळ संपली म्हनला तर संपली."

अकरा वर्षांनी 'दादा'. तेवढ्यात काटा शून्यावर येऊन थांबला.

"एक मिनिट हाय अजून," हौशीराम म्हणाला.

त्याने घड्याळ उतरवून खिशात टाकलं, पप्पूच्या हातातून माइक घेतला आणि डोळे मिटून साठपर्यंत मोजायला लागला. लहानपणी लपाछपीत, धाकटा नीट लपेपर्यंत मोजायचा तसं. एकेका आकड्यावर रेंगाळत.