पप्पांचे झटके

कंपनीची बस हिंजवडीच्या चौकात अडकली होती, तेव्हाच पूर्वाला कळलं, आज पुन्हा तेच होणार. आधी कान तापले. मग मान, गळा, गाल लालबुंद झाले. छातीत इतकं धडधडायला लागलं, की शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं तिला वाटलं.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" बाईने विचारलं.

"ऊन लागलं," पूर्वा म्हणाली. बसमध्ये एसी चालू होता.

तिचे वडील रंगराव असेच लाल व्हायचे. मग डोकं धरून, आतल्या खोलीत अंधार करून पडायचे. आई त्यांच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसायची. पूर्वा दहावीत असताना एका दुपारी ते असेच पडले ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

पूर्वाला मात्र खरं कारण ठाऊक होतं. पप्पा भयंकर तापट होते. ताट भिरकवायचे, आईला नको ते बोलायचे. आई चकार शब्द काढायची नाही. मुकाट्याने त्यांच्या आवडीचं काहीतरी वाढायची. मुरलेलं लोणचं, आंबट दह्याची कढी, आदल्या दिवशीचं सुकट-वांगं. पण तोवर राग अंगात भिनलेला असायचा आणि झटका यायचाच. त्या शेवटच्या दिवशी पूर्वा त्यांना उलट बोलली होती. ते तिच्या अंगावर धावून आले होते. दिवस मावळायच्या आत ते गेले.

हे ती कधीच कुणाजवळ बोलली नाही. तिने फक्त रागावणं सोडून दिलं. टीम-लीडने तिचं काम स्वतःच्या नावावर खपवलं, तेव्हा ती हसली. नवरा अभय कधीकधी वैतागून म्हणायचा, "अगं, एकदा तरी भांड की माझ्याशी!" ती भांडायची नाही. भांडायचं तिला भय वाटायचं.

आणि तरीही झटके सुरू झालेच. पप्पा गेले त्या वयाला ती आता पोचली होती. रात्री झोपलेल्या लेकीकडे ती कितीतरी वेळ बघत बसायची.

शेवटी अभयने तिला बळंच दवाखान्यात नेलं. हृदयाच्या तपासण्या स्वच्छ आल्या. ॲलर्जीच्याही. मग डॉक्टर नीरजाबाईंनी सरळ विचारलं, "जेवणात काय असतं?"

"रविवारी सगळं एकदम करून फ्रीजमध्ये ठेवते. छोले, पालक, इडलीचं पीठ. रोज कुठे वेळ मिळतो?"

"तिथेच गोम असावी," नीरजाबाई म्हणाल्या. "शिळ्या, आंबवलेल्या, मुरलेल्या, सुकवलेल्या अन्नात हिस्टामीन नावाचं द्रव्य वाढत जातं. वांगी, टोमॅटो, पालक यांचाही काहींना त्रास होतो. तुमच्या शरीराला ते नीट मोडता येत नसावं. याची एकच अशी पक्की चाचणी नाही. काही आठवडे ताजं शिजवा आणि लगेच खा. बरं वाटलं, की एकेक पदार्थ परत सुरू करून बघू."

"आणि राग?" पूर्वाने विचारलं. "रागाने माणूस जातो का यात?"

"ताणाने त्रास वाढतो. पण असं कुणी सहसा दगावत नाही. हृदय आधीच अधू असेल, तर मात्र जपायला हवं."

वारज्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आता पहाटेच कुकर वाजायला लागला. गरम भात, मुगाचं वरण, दुधी, ताजी भाकरी. झटके थांबले, पण भीती थांबली नाही. रोज जेवल्यावर पूर्वा आरशासमोर उभी राहून गळा बघायची. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने एके दिवशी आदल्या दिवशीचं वांगं खाल्लं. अभय जवळ बसून होता. थोड्याच वेळात कान तापले, मान लाल झाली, छाती धडधडली. त्या दिवशी कुणी कुणावर रागावलं नव्हतं.

ती ओक्साबोक्शी रडली. अभय घाबरला. "अरे, हे जेवणाने होतं," ती म्हणत राहिली, "जेवणानेच होतं!"

पुढच्या रविवारी ती कात्रजला आईकडे गेली. शालनबाई ओट्याशी भाकऱ्या थापत होत्या. पूर्वाने त्यांना सगळं सांगितलं. बसमधलं, दवाखान्यातलं, वांग्याचं. आणि इतकी वर्षं मनात कोंडलेलंही.

"मी उलट बोलले म्हणून पप्पा गेले, असं वाटायचं गं मला. पण त्यांना रागाने काहीच होत नव्हतं. सुकट, लोणचं, आंबट कढी, त्यानेच व्हायचं सगळं. तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं असतं तर..."

शालनबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. गॅस बारीक केला. मग लेकीजवळ येऊन बसल्या आणि पिठाचा हात तिच्या पाठीवर ठेवला.

"कुणी सांगायला कशाला हवं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं मला. ते पडून राहिले, की माझी पाठ वाचायची. त्या दिवशी पहिल्यांदाच ते तुझ्यावर धावून आले. म्हणून त्या दिवशी मी त्यांना आग्रह करकरून वाढलं."