खडूसची निवृत्ती

"जन्मतारीख काय लिहू?" टेस्टर बाईंनी विचारलं.

"कुणाची?" नवे साहेब म्हणाले.

"खडूसची. पहिला रकाना तोच आहे."

खडूस म्हणजे कचेरीतलं तपासणीचं सॉफ्टवेअर. कचेरी दवाखान्यांना अपॉइंटमेंटचा प्रोग्राम बनवून द्यायची आणि तो कुठे चुकतो हे खडूस रोज शोधायचा. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. ते फक्त खरेदीच्या फाइलला माहीत होतं.

नव्या साहेबांनी आल्या आल्या प्रत्येक साधनाचं जीवनचक्र ठरवायला घेतलं होतं. आणलं कधी, दुखणीखुपणी कोणती, जाणार कधी. अठ्ठावीस रकान्यांचा फॉर्म होता. माणसांसाठी असा फॉर्म अजून निघाला नव्हता, म्हणून सगळ्यांनी साहेबांना दुवा दिला.

"नऊ वर्षं झाली त्याला," बाई म्हणाल्या.

"नऊ? मग शंभरी भरलीच की! असं करू, दोन आठवडे त्याची चपळ नावाच्या नव्या सॉफ्टवेअरशी शर्यत लावून देऊ. दोघांना रोज तेच काम. जो जास्त चुका काढेल तो राहील."

"आणि खडूस हरला तर?"

"सन्मानाने निरोप."

"आणि मी?"

"बघू," साहेब म्हणाले. साहेब लोक 'बघू' म्हणतात तेव्हा दुसरीकडे बघत असतात, हे बाईंना वीस वर्षांत पाठ झालं होतं.

अडचण एवढीच होती, की खडूस तीन वर्षांपूर्वीच वारला होता.

कचेरीतले कॉम्प्युटर बदलले त्या दिवशी तो सुरूच होईना. तसं सांगितलं असतं तर खडूसबरोबर त्याला सांभाळणारी बाईही घरी गेली असती, आणि घरी मुलीचं कॉलेज होतं. म्हणून बाईंनी त्या दिवशी सगळ्या तपासण्या हाताने केल्या आणि खडूसच्या नावाने, खडूसच्याच थाटात अहवाल पाठवला. दुसऱ्या दिवशीही पाठवला. महिन्याभराने मीटिंगमध्ये एकमत झालं, की नव्या कॉम्प्युटरवर खडूस कमालीचा सुधारलाय. बाईंच्या रजेच्या दिवशी तो 'देखभालीसाठी बंद' असायचा. कुणालाच शंका आली नाही. यंत्रावर लोकांचा फार विश्वास असतो.

हाताने तपासायचं त्यांना कचेरीतल्या जुन्या टेस्टरांनी, म्हणजे मास्तरांनी शिकवलं होतं. खडूस विकत घेतला त्याच महिन्यात मास्तरांना घरी पाठवलं. यंत्र आल्यावर माणूस कशाला? तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. नंतर त्यांचा फोन कधी लागला नाही. चाचणीसाठी खोटा रुग्ण भरायचा झाला, की मास्तर वय स्वतःचं घालायचे आणि आजाराच्या रकान्यात एकच वाक्य लिहायचे: 'मान आखडते, साहेबांकडे बघितलं की जास्त.' बाई मात्र 'ताप' लिहायच्या. तेवढं धाडस त्यांच्यात नव्हतं.

शर्यत सुरू झाली. चपळ तो विकणाऱ्या कंपनीच्या ऑफिसातच चालायचा आणि तिथूनच रोजचा अहवाल यायचा. पहिल्या दिवशी दोघांच्या पाच-पाच चुका निघाल्या. दुसऱ्या दिवशी चार-चार. दुपारी एक ते पावणेदोन चपळ गप्प असायचा.

"त्या वेळात सर्व्हर थंड करतात," विक्रेत्याने सांगितलं. बाईंना हे कारण इतकं आवडलं, की त्यांनी ते वहीत टिपून ठेवलं.

बाई तासभर आधी यायला लागल्या. डबा की-बोर्डशेजारी उघडायच्या. घरात हे गुपित एकट्या सासूबाईंना ठाऊक होतं.

"अगं, यंत्राशी काय झुंजतेस?" सासूबाई म्हणाल्या. "ते दमत नाही, त्याला सासू नाही."

"तेच तर म्हणते आई. टोमणे खाल्लेत का त्याने कधी? चूक काढायची सवय मला कुठून लागली?"

सासूबाईंनी यावर विचार केला आणि सुनेला आल्याचा चहा करून दिला.

शेवटच्या दिवशी खडूसच्या एकूण चुका झाल्या एक्केचाळीस. चपळच्या बेचाळीस. ती जास्तीची चूक बाईंनी तीनदा वाचली. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्यांचा वाढदिवस प्रोग्राम चार वर्षांतून एकदाच मोजत होता, त्यामुळे साठीच्या गृहस्थांना लहान मुलांच्या डॉक्टरांची वेळ मिळत होती. हे यंत्राला सुचलं याचं बाईंना वाईट वाटलं, आणि कौतुकही.

"खडूस गेला," साहेब म्हणाले. "पण तुम्ही तोंड का पाडलंत? चपळवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच ना. तुम्हीच ठेवा. तुम्हाला यंत्राचा स्वभाव कळतो."

बाईंनी जागेवर येऊन अठ्ठाविसावा रकाना भरला. जाण्याचं कारण: वय. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. नोकरी राहिली होती आणि आता खोटंही बोलावं लागणार नव्हतं. उद्यापासून सगळं काम खरोखरचं यंत्र करणार होतं.

मग सहज म्हणून त्यांनी चपळने भरलेले खोटे रुग्ण उघडले. बेचाळिसाव्या चुकीचा रुग्ण सर्वांत खाली होता. वय एकसष्ट. आजार: मान आखडते, साहेबांकडे बघितलं की जास्त.

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. बाईंनी त्याच यादीत एक नवा रुग्ण भरला आणि आजाराच्या रकान्यात लिहिलं: 'ताप. मास्तर, मानेचे व्यायाम करत नाही वाटतं?' मग डबा उघडून त्या शांतपणे जेवल्या. पावणेदोनपर्यंत सर्व्हर थंड होणार हे त्यांना माहीत होतं.

एक सेहेचाळीसला चपळचा अहवाल आला. 'दोष क्रमांक त्रेचाळीस: रुग्णाच्या जागी जुनी शिष्या सापडली. दुरुस्ती करू नये.'