माझा आला का?

बीडहून आलेली एसटी फाट्यावर थांबली, सिंधू उतरली, आणि दुष्काळी कामावरची टोपल्यांची रांग जागच्या जागी थबकली. मुकादमानं शिट्टी फुंकली. पण सिंधूकडं लागलेले डोळे शिट्टीनं थोडेच हलणार!

रांगेच्या शेवटाला, तलावाच्या भरावावर, तिची सासू केसरबाई उभी होती. आज सिंधूचा मॅट्रिकचा इंग्रजीचा पेपर होता. तिसऱ्यांदा. गावच्या सोसायटीला धान्याच्या दुकानात लिहायला मॅट्रिक झालेलं माणूस हवं होतं आणि चेअरमननी जूनपर्यंत जागा राखली होती. मागच्या खेपेला ती नापास झाली ती केसरबाईपायी. मुदतीच्या तापानं सासू अंथरुणाला खिळली आणि सुनेचं पुस्तक मिटलेलंच राहिलं. सून त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही, हेच केसरबाईला सलायचं.

सिंधूचं घोडं अडायचं ‘पिक अप’पाशी. इवल्याशा शब्दाला अर्थ पाच, आणि ऐन वेळी एकही आठवायचा नाही. शेवटी तिनं रांगेतल्या पाच बायकांना एकेक अर्थ वाटून टाकला. खड्ड्यातून पहिलं टोपलं द्यायची बायनाबाई, तिला उचलणं. तुळजाबाई सकाळी दारोदार थांबून साऱ्याजणींना बरोबर घ्यायची, तिला वाटेत घेणं. सरूबाईनं कामावर लमाणणींची बोली नुसती कानावर पडून उचलली होती, तिला ऐकून शिकणं. छबुबाईचा हात भाकर पोटात गेल्यावरच चालायचा, तिला वेग धरणं. आणि केसरबाईला दुखण्यातून उठणं. दोन महिन्यांत प्रत्येकीला आपला अर्थ सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखा वाटायला लागला होता.

“इचारला का गं?” बायनाबाई खड्ड्यातून ओरडली.

“इचारला!” सिंधू धापा टाकत म्हणाली. “या बारीला पेपर सुटला, मावशी!”

“माझा आला का?”

“अन् माझा?”

“कोणतेबी चार अर्थ लिवा, असं होतं.”

साऱ्याजणींचे डोळे केसरबाईकडं वळले. चार म्हणजे पहिले चार, हे कळायला शाळा लागत नाही. ताप उतरल्यापासून केसरबाईला शेवटालाच उभं करत. आलेलं टोपलं रितं करायचं, एवढंच हलकं काम. अर्थही तिच्या वाट्याला उरलासुरला आलेला. तिला वाईट वाटलं, पण सुनेला कशाला दाखवायचं?

“माझा सोडला ते बरं केलंस,” ती म्हणाली. “माझ्या दुखण्यापायी तुझं एक वरीस गेलंच हाय.”

“सोडते कशाला? पाची लिवले, शेवटाकडून उलटे. तुमचा तर पयला लिवला, आत्याबाई. ‘माझी सासू तापातून उठली अन् कामाला लागली.’”

“पयला? कावून गं?”

“मास्तर म्हणलेत, तपासणारा पयले चारच वाचतो.”

बायनाबाईनं बोटं मोजली. “म्हंजी पाचवा माझा? आगं, दोन महिने टोपली उचलून माझी कंबर मोडली की!”

असा हशा पिकला की मुकादमाच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

केसरबाई भरावावरून उतरली. एकेकीला मागं टाकत थेट खड्ड्यापाशी आली आणि तिनं पदर खोचला.

“सरक, बायने. तू जा शेवटाला.”

“झेपंल का तुला?”

केसरबाई वाकली. भरलेलं टोपलं छातीपर्यंत उचलून तिनं तुळजाबाईच्या हातात दिलं.

“न झेपून कसं चालंल?” ती म्हणाली. “इंग्रजीत लिवून आलीय ती.”