खालच्या मजल्यावरच्या मावशी

डबा एकच उरला होता आणि त्यावर हात दोन होते.

एक हात तिचा. दुसरा खालच्या मजल्यावरच्या मावशींचा. मावशी म्हणजे नात्यागोत्याच्या नव्हेत, इथल्याच, याच देशातल्या. पण तिचं कुटुंब या परक्या देशात नवीन राहायला आलं तेव्हा भांडी धुवायच्या यंत्रात टाकायचं मीठ घरी भाजीत पडत होतं, आणि नवरा बिचारा मुकाट गिळत होता. मावशींनी ते पाकीट ओट्यावर पाहिलं, कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवसापासून तिला बरोबर घेऊन दुकानात जाऊ लागल्या. पीठ कुठलं, तेल कुठलं, कालचा पाव अर्ध्या किमतीत कधी लावतात, सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. तिला अंगावरचं दूध पुरेना, तेव्हा पावडरीचा हा डबाही त्यांनीच दाखवला. आमच्या नातवालाही हाच लागतो, म्हणाल्या होत्या. दुसरी कुठलीही पावडर दिली की तिचं बाळ भडाभडा ओकायचं.

सकाळी बातमी आली. बंदर बंद, पुढचा माल कधी येईल ते देव जाणे. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तोच लोक वाकून, सरपटत आत घुसले.

इथली माणसं एरवी काय गोड! चुकून धक्का लागला तर देणारा आणि घेणारा, दोघंही माफी मागतात. आज टाय लावलेल्या एका गृहस्थानं हातातली लोखंडी टोपली गरगर फिरवली आणि पुढच्या माणसाच्या कानशिलावर हाणली. बरण्या फुटल्या. काचांवर एक बाई आडवी पडली आणि लोक तिच्या अंगावरून गेले, बुटांसकट. नवरा बाळाची गाडी घेऊन बाहेर फुटपाथवरच थांबला होता. "तू जा," एवढंच म्हणाला. भला माणूस, उभ्या जन्मात कुणाशी मोठ्यानं बोललेला नाही.

ती गेली. गर्दीत कोपर कसं चालवायचं, हे मात्र तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. सगळ्यात खालच्या फळीवर, पार आत, एक डबा दिसला. तिनं झडप घातली आणि त्याच वेळी मावशींचाही हात पडला.

"सोडा, मावशी."

मावशींनी सोडला नाही. धापा टाकत त्या काहीतरी सांगू लागल्या. तिला समजावं म्हणून नेहमीसारखे सोपे सोपे शब्द घेऊन. पण ऐकायला वेळ कुणाला होता? घरातला डबा काल रात्री खरवडून संपला होता. बाळ सकाळपासून साखरपाण्यावर होतं आणि आता तर त्याचं रडणंही थांबलं होतं.

तिनं कोपर मारलं. ते मावशींच्या तोंडावर बसलं. ओठ फुटला, दात लालभडक झाले, तरी हात सुटेना.

"सोडा म्हणते ना! मेलं माझं पोर तिकडे!" ती आता आपल्याच भाषेत किंचाळत होती. तिनं मावशींचं मनगट धरलं आणि फळीच्या लोखंडी कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आत काहीतरी कट्कन मोडलं. त्या गोंगाटात ते ऐकू कुठलं येतंय? पण तिच्या मुठीला कळलं.

मावशींची बोटं उघडली. डबा तिचा झाला. आणि खोटं कशाला बोला, त्या वेळी तिला आनंद झाला. नुसता आनंद. दुसरं काही नाही.

बाहेर नवऱ्यानं डबा पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले. "शाब्बास गं! वाघीण आहेस तू." त्यानं गडबडीनं बाटली काढली, तिथेच दूध कालवलं आणि बाळाच्या तोंडाला लावलं. बाळ चुटूचुटू ओढू लागलं. ती नुसती बघत राहिली.

तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. भिंतीला धरून, तोंडावर रुमाल दाबून.

"अहो मावशी! हे काय? कुणी मारलं तुम्हाला?" नवरा पुढे झाला.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता सांगणार.

"गर्दी होती," मावशी म्हणाल्या.

"माणसं आहेत की जनावरं! एवढ्या वयाच्या बाईवर हात टाकतात, लाज नाही वाटत?" नवऱ्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "आणि नातवाचा डबा? मिळाला का?"

मावशींनी मान हलवली. नाही.

"मग हा आहे ना! अर्धा अर्धा करू. दोन्ही पोरांचे चार-पाच दिवस निघतील, तोवर येईल माल. त्यात काय एवढं?"

मघाशी मावशी हेच सांगत होत्या. सोपे सोपे शब्द होते. आता ते तिला एकेक करून कळले.

नवऱ्यानं एक कोरी पिशवी शोधली. सांडू न देता बरोबर अर्धी पावडर त्यात ओतली, घट्ट गाठ मारली आणि पिशवी बायकोच्या हातात दिली. "दे त्यांना."

तिनं पिशवी पुढे केली. मान वर झाली नाही.

मावशींनी घ्यायला हात पुढे केला. डावा. उजवा उचलला जात नव्हता.